मोजे काढा, पाय बघू



मी जबलपूरहून आले आहे. तिथल्या गोरखपूर भागात माझा दवाखाना आहे. गोरखपूर म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे उत्तर प्रदेशातलं का?" नाही. आमचं गोरखपूर म्हणजे जबलपूर शहरातला एक जुना, गजबजलेला भाग. पूर्वी गोंदियाहून येणारी छोटी लाईन जवळच्या हाऊबाग स्टेशनावर संपायची. आता ती लाईन मोठी झाली आणि हाऊबाग बंद झालं, पण बालाघाट, नैनपूर, मंडला, सिवनीकडचे पेशंट अजूनही आमच्याकडेच येतात. थोडं पुढे गेलं की ग्वारीघाट आणि नर्मदामाई. आमच्या घरात तीन पिढ्या मराठी बोलली जाते, मात्र भाजीवाल्याशी आणि भावंडांशी भांडताना आपोआप हिंदी येते. बोलण्यात मध्येच एखादा हिंदी शब्द घुसला तर सांभाळून घ्या.

मी पायांची डॉक्टर आहे. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी हाडांची डॉक्टर असेन. मी शिकलेली सर्जन आहे, पण गेली बरीच वर्षं माझं सगळं काम घोट्याच्या खाली चालतं. जगात या कामाला पोडियाट्री म्हणतात. मी या कामाकडे कशी वळले, तिथूनच सुरुवात करते.

माझे बाबा कारखान्यात नोकरीला होते. जबलपूरमध्ये 'कारखाना' म्हटलं की तोफगाड्यांचा, नाहीतर दारूगोळ्याचा, नाहीतर गाड्यांचा. बाबांना चाळिशीतच मधुमेह झाला होता. गोळ्या वेळेवर, साखर बऱ्यापैकी ताब्यात, रोज फिरणं. घरातला आदर्श पेशंट. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नेम धरला, रोज ग्वारीघाटावर जाऊन स्नान करायचं. एकदा मे महिन्यात त्यांना निघायला उशीर झाला आणि भर दुपारी ते घाटाच्या पायऱ्या अनवाणी चढून आले. मे महिन्यातला जबलपूरचा दगड म्हणजे तवाच. बाकीची माणसं उड्या मारत सावली गाठत होती आणि बाबा शांतपणे चालत होते. घरी येऊन कौतुकाने सांगितलं, "माईची कृपा, मला चटका म्हणून लागला नाही."

ती कृपा नव्हती. त्यांच्या तळव्यांची संवेदना गेली होती. उजव्या अंगठ्याखाली मोठा फोड आला आणि फुटला. त्यांना दुखलंच नाही, म्हणून त्यांनी हळद लावली आणि वरून मोजा चढवला.

मी तेव्हा सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याच आठवड्यात दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी आले. बाबा घरात मोजे घालून बसले होते. मे महिना, कूलर चालू, आणि पायात मोजे! मला ते दिसलं. मी विचारलं ते काय, तर "बाबा, साखर किती आली?" त्यांनी वही दाखवली. आकडे चांगले होते. मी "छान" म्हटलं आणि झोपले, कारण छत्तीस तासांची ड्यूटी करून आले होते.

अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि मोजा काढल्यावर जो वास आला, तो मी रोज वॉर्डात घेत होते. जंतुसंसर्ग हाडापर्यंत आणि तिथून वर पोटरीकडे गेला होता. त्यांचा जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नंतर एकदा मी त्यांना जरा रागानेच म्हटलं, "बाबा, मला दाखवायचं तरी!" ते म्हणाले, "तुझी परीक्षा जवळ आली होती, गं. पण तू विचारलं असतंस तर दाखवला असता."

मंडळी, हे वाक्य मी कधी विसरले नाही. मला शरीरशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं शिकवलं होतं. पायाचे सव्वीस अस्थी मला पाठ होते. पण दुखत नसलेला पायही मोजा काढून बघायचा असतो, ही सवय मला कोणी लावली नव्हती, आणि मीही ती लावून घेतली नव्हती.

आता पायाचं नेमकं काय बिघडतं ते थोडक्यात सांगते. मधुमेहात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग एक दिवस काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं बरं झालं. दुसरी, रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखम भरायला लागणारं रक्तच पोहोचत नाही. तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे दाब. नसा गेल्या की पायाचे छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं वाकडी होतात, आणि सगळं वजन एकाच ठिकाणी पडायला लागतं. तिथे घट्टा तयार होतो. तो घट्टा बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला चेचत राहतो, आणि एक दिवस घट्ट्याखाली जखम झालेली असते. वरून कोरडा घट्टा, आत पू.

आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. मधुमेह असलेल्या साधारण पाचातल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला जखम होते. आणि मधुमेहामुळे पाय कापावा लागतो, त्यातल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी वेळा सुरुवात अशाच एका साध्या जखमेने झालेली असते. म्हणजे वाट बघत बसलं नाही तर बरंचसं टळण्यासारखं आहे.

गंमत अशी की बधिर पायाचं शास्त्र जगाला बरंचसं आपल्याकडून मिळालं, आणि तेही कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. पूर्वी समज असा होता की कुष्ठरोगात मांसच नासतं, बोटं आपोआप झडतात. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस नासत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि चालण्याने पाय जातो. त्याआधी, १९३० च्या दशकातच, श्रीलंकेत आणि भारतात काही डॉक्टरांनी कुष्ठरोग्याच्या जखमी पायाला प्लास्टर घालून पाहिलं होतं. प्लास्टरमुळे दाब सगळ्या तळव्यावर वाटला जातो आणि तळव्याची जखम चालता चालता भरते. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेला गेले आणि हे प्लास्टर सोबत घेऊन गेले. तिथे ते मधुमेहाच्या पायाला लागू केलं गेलं. आज जगभरातले पायांचे डॉक्टर या प्लास्टरला तळव्याच्या जखमेवरचा उत्तम उपाय मानतात.

विदर्भातल्या मंडळींना हे जवळचं वाटेल. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. मग अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला तुम्ही कुष्ठरुग्णांच्या पायात पाहिल्या असतील. त्याच चपला आज मी मधुमेहाच्या पेशंटला लिहून देते. काहींना ते कळलं की ते चमकतात. "डॉक्टरसाहेब, ही तर त्यांची चप्पल!" मी म्हणते, "काका, पाय वाचवायची विद्या त्यांच्याकडूनच आली आहे. नमस्कार करा आणि घाला."

आता शिक्षणाचं बघू. अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षं पायांच्या वैद्यकाचं स्वतंत्र महाविद्यालय आणि पुढे तीन वर्षं रुग्णालयात उमेदवारी, तेव्हा कुठे पायांचा डॉक्टर होतो. इंग्लंडात तीन वर्षांची स्वतंत्र पदवी आहे आणि नोंदणी केल्याशिवाय कोणी स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही. आपल्याकडे तसा रुळलेला रस्ता नाही. आपल्याकडे सर्जन, हाडांचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, मधुमेहतज्ज्ञ यांच्यापैकी कोणीतरी मनावर घेतं आणि पुढे फेलोशिप किंवा लहान अभ्यासक्रम करतं. कोचीच्या अमृता संस्थेत आणि बंगळुरूच्या अंतःस्रावशास्त्राच्या सरकारी संस्थेत यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पाय हा विषय सर्जनांनी गंभीरपणे घ्यावा म्हणून कितीतरी वर्षं खटपट केली. आणि आमच्या शेजारी, नागपुरात, डॉ. शरद पेंडसे. २००४ साली त्यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 'स्टेप बाय स्टेप' नावाचा प्रकल्प उभा केला. तो भारतात आणि टांझानियात एकाच वेळी सुरू झाला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिकायला डॉक्टरने एकट्याने यायचं नाही, डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी यायची. कारण परत गेल्यावर रोज पाय बघायला वेळ कोणाला असतो? डॉक्टरला नसतो.

बाबांच्या पायानंतर मी एम. एस. पूर्ण केलं आणि दक्षिणेत शिकायला गेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, मोठी ऑपरेशनं बघायला मिळतील. सरांनी एक बुटकं स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा. पेशंटचा पाय मांडीवर घ्या आणि नखं कापा." दोन आठवडे मी नखं कापली. खरं सांगते, मला लाज वाटत होती. आईचा फोन आला की मी सांगायची, ऑपरेशन थिएटरमध्ये आहे.

पण नखं कापता कापताच मी पाय बघायला शिकले. बोटांच्या बेचक्यातली ओल, टाचेच्या भेगेत रुतलेला खडा, एका पायाला केस आहेत आणि दुसऱ्याची कातडी गुळगुळीत चकाकते म्हणजे तिथे रक्त कमी पडतंय. हाताच्या पाठीने दोन्ही पाय चाचपायचे, एक जास्त गरम लागतो का बघायचं. चपलेत हात घालायचा, कारण पेशंटला न टोचणारा खिळा तुमच्या बोटाला टोचतो. चपलेचा तळ उलटा करून बघायचा, तो कुठे झिजला आहे त्यावरून दाब कुठे पडतो ते कळतं. मग नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवायचा, बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकणारा, आणि विचारायचं, कळलं का? कंप पावणारा काटा अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा. दोन ठिकाणची नाडी बघायची, एक पावलाच्या वर आणि एक घोट्याच्या आतल्या बाजूला. दहा मिनिटांचं काम आहे. यंत्रं म्हणाल तर एका पिशवीत मावतात.

त्यानंतर घट्टा पात्याने सोलायला शिकले, रक्ताचा थेंब न काढता. मेलेलं मांस कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं ते ओळखायला शिकले. सर म्हणायचे, "सर्जनला कापायचं कळतंच. इथे काय कापायचं नाही ते शिका." प्लास्टर घालायला शिकले. रक्तच पोहोचत नसेल तर आपली हुशारी बाजूला ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे त्याच दिवशी पाठवायला शिकले. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण पेशंट म्हणतो, "तुम्हीच ड्रेसिंग करा ना, ताई, नागपूर लांब पडतं."

गोरखपूरला दवाखाना उघडला तेव्हा पहिले काही महिने माझ्याकडे लोक कुरूप काढायलाच यायचे. फी सांगितली की म्हणायचे, "नखं कापायचे पैसे?" त्यांचंही चूक नव्हतं. पाय कापायचे पैसे विमा देतो, नखं कापायचे देत नाही. आजही माझा दवाखाना भरलेल्या जखमांवर चालत नाही, चिघळलेल्या जखमांवरच चालतो, आणि हे बोलताना मला बरं वाटत नाही.

माझा सगळ्यात मोठा मदतनीस मला बाजारात सापडला. रस्त्याच्या कडेला बसणारा एक मोची. मी त्याला परदेशी चपलेचं चित्र दाखवलं. तो बघून म्हणाला, "मॅडम, अंगठा घालायची वादी का नको?" मी सांगितलं, बेचक्यात घासतं. "आणि मागे पट्टा का?" बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही. त्याने मान डोलावली आणि आठ दिवसांत चप्पल करून आणली, तळाला एकही खिळा न मारता, सगळं चिकटवून आणि शिवून. वर त्याने मला शिकवलं की चामड्याची शिवण बोटांवर येता कामा नये. हे मला कुठल्या फेलोशिपमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. आता तो बूट मापताना पेशंटचा पाय कागदावर उभं करून आखतो, आणि संध्याकाळी, कारण संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो. काही जखमा माझ्याआधी त्याने पाहिल्या आहेत आणि पेशंटला हाताला धरून माझ्याकडे आणलं आहे.

दोन पेशंट सांगते. एक मंडल्याकडच्या शिक्षिका. पाऊल लाल, सुजलेलं, गरम, पण दुखणं जवळजवळ नाही. दोन महिने गाऊटच्या गोळ्या चालू. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत होता. हा शार्को पाय. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत शाळेत जातो. वेळेत प्लास्टर घातलं नाही तर पावलाची कमान कोसळते. त्यांना कित्येक महिने प्लास्टरमध्ये ठेवलं. कंटाळल्या, माझ्यावर चिडल्या, पण पाऊल जागेवर राहिलं.

दुसरे एक परिक्रमावासी. महाराष्ट्रातून नर्मदा परिक्रमेला निघालेले, साठीचे काका, मधुमेही, आणि अनवाणी चालण्याचा संकल्प. ग्वारीघाटावर कोणीतरी त्यांचा पाय पाहिला आणि माझ्याकडे पाठवलं. तळव्याला रुपयाएवढी जखम. मी म्हटलं, "काका, आता थांबायचं." ते म्हणाले, "संकल्प मोडू का?" मी देवाधर्माच्या वादात पडत नाही. मी त्यांना माझ्या बाबांचं सांगितलं, ग्वारीघाटाच्या त्याच पायऱ्यांचं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घाला प्लास्टर." जखम भरायला सात आठवडे लागले. पुढची परिक्रमा त्यांनी गाडीने केली आणि मला घरून फोन करून कळवलं. वारीला जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. मधुमेह असेल तर चालू नका असं मी म्हणत नाही. निघण्याआधी पाय तपासून घ्या, अनवाणी चालू नका, आणि मुक्कामाला पोचलात की आधी तळवे बघा.

आता तुमच्यासाठी एक छोटी तपासणी. हे व्याख्यान ऐकणाऱ्या किंवा वाचणाऱ्यांनी आज घरी करावी. घरातल्या मधुमेही माणसाला आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या तर्जनीने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही. मग डाव्या पायालाही तसंच. प्रत्येक वेळी त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर होतोय असं समजून डॉक्टरला दाखवा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही पद्धत घालून दिली, तिला काही खर्च नाही.

पाय चांगला असेल तर वर्षातून एकदा तपासायचा. नुसता बधिर असेल तर सहा महिन्यांनी ते वर्षाने. बधिरपणाबरोबर रक्त कमी किंवा बोटं वाकडी असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी, कारण भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडणं फार सामान्य आहे.

आणि काही गोष्टी करू नका. पाय शेकू नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका, पाण्याचा अंदाज कोपराने घ्या. कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या लावू नका, त्यातल्या आम्लाने चांगली कातडीही जळते. ब्लेडने स्वतः घट्टा कापू नका. बोटांच्या बेचक्यात तेल किंवा क्रीम चोपडू नका. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. नातवंडं हे काम फार मन लावून करतात.

शेवटी एक मागणं. २०२१ साली आरोग्यक्षेत्रातल्या सहयोगी व्यवसायांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादीत पोडियाट्रिस्ट हा शब्द आला आहे. कागदावर जागा झाली आहे. आता ती भरायला माणसं हवीत. दर गावाला सर्जन मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींनो, या कामाकडे बघा. सुरुवातीला लोक हसतील. माझ्या एका वर्गमित्राने मला विचारलं होतं, "एवढं शिकून लोकांचे पाय धुतेस?" मी म्हटलं, हो, धुते.

बाबा कृत्रिम पाय लावून नऊ वर्षं हिंडले. त्यांचा डावा पाय शेवटपर्यंत शाबूत राहिला. दर रविवारी सकाळी ते माझ्यासमोर खुर्चीत बसायचे, मी बुटक्या स्टूलवर, आणि मी काही म्हणायच्या आधीच मोजा काढून पाय पुढे करायचे.

आज घरी गेल्यावर तुमच्याही आईबाबांना तेवढं म्हणा. मोजे काढा, पाय बघू.